शास्त्रज्ञाचे कागद अभिलेखागारात कसे द्यावेत: पहिल्यांदाच हे काम अंगावर आलेल्यांसाठी

एखादे शास्त्रज्ञ निवृत्त होतात किंवा जातात, आणि त्यांची खोली रिकामी करून देण्याचे काम कोणाच्या तरी अंगावर येते. कधी मुलीच्या, कधी जुन्या विद्यार्थ्याच्या, कधी विभागात नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या. समोर कपाटभर वह्या, फुगलेल्या फायली, स्लाइडचे डबे, एक बंद पडलेला संगणक आणि डोक्यावर मुदत. आमच्या सरांच्या बाबतीत हे काम त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या ताईंनी, आणि मी मिळून केले. पुढे आणखी काही कुटुंबांनाही मदत केली. प्रत्येक घरात प्रश्न तेच असतात, म्हणून ते इथे क्रमाने मांडतो आहे.

छापलेल्या शोधनिबंधांची काळजी करू नका, ते ग्रंथालयांत आहेत. पण शोधनिबंधात फक्त निष्कर्ष असतो. तो हाती कसा आला, मध्ये किती प्रयोग फसले, कोणाच्या पत्राने दिशा बदलली, हे या खोलीतल्या कागदांतच असते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते. गणितज्ञ जी. एन. वॉटसन १९६५ मध्ये वारले. त्यांच्यावर स्मृतिलेख लिहिण्यासाठी जे. एम. व्हिटेकर त्यांच्या घरी गेले, तेव्हा अभ्यासिकेच्या जमिनीवर कागदांचा थर पसरलेला होता आणि काही दिवसांत तो जाळला जाणार होता. त्या ढिगातून रामानुजन यांच्या हस्ताक्षरातली पाने निघाली. रॉबर्ट रँकिन यांनी कागद लावून १९६८ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे पाठवले, आणि १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना तिथल्या रेन ग्रंथालयात ती पाने दिसली: शंभराहून अधिक पाने, सहाशेच्या वर सूत्रे, रामानुजन यांच्या अखेरच्या वर्षातली. व्हिटेकर आठवडाभर उशिरा गेले असते तर यातले काहीच उरले नसते.

हाताशी काय ठेवावे

- मऊ शिशाच्या पेन्सिली (कागदांजवळ पेन किंवा मार्कर आणूच नका)
- फोटो काढण्यासाठी मोबाइल आणि भरपूर रिकामी जागा
- एकाच मापाची मजबूत, झाकणाची खोकी आणि कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या
- मऊ ब्रश, मास्क, नायट्राइलचे हातमोजे
- मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वारसाचा पुरावा, आणि तुम्ही वारस नसाल तर वारसांचे लेखी संमतिपत्र
- शास्त्रज्ञांचा कार्यपरिचय आणि प्रकाशनांची यादी
- संस्थेचे पत्र, खोलीतल्या कोणत्या वस्तू संस्थेच्या आहेत ते सांगणारे

१. आधी काहीही आवरू नका

ही पायरी सगळ्यात अवघड आहे, कारण आपला हात आवरायलाच शिवशिवतो. पत्रे तारखेने लावावीत, वह्या विषयाने रचाव्यात, सुटे कागद एका फायलीत घालावेत असे वाटते. ते करू नका. कागद ज्या क्रमाने आणि ज्या संगतीत ठेवलेले आहेत तो क्रमसुद्धा पुरावा असतो. अभिलेखागारातली, म्हणजे जुनी कागदपत्रे कायमची जपणाऱ्या संस्थेतली, माणसे मूळ क्रम जपायचा आणि एका व्यक्तीचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे दोन नियम सर्वांत आधी पाळतात.

सरांच्या कपाटात एक फाइल होती, तिच्यावर त्यांच्याच अक्षरात ‘नंतर बघू’ असे लिहिलेले. आत एक अर्धवट आकडेमोड, नाकारल्या गेलेल्या निबंधावरचे परीक्षकांचे शेरे, दूरच्या एका सहकाऱ्याचे पत्र आणि आलेखाच्या कागदावरचा एक वक्र. नीट आवरणाऱ्याने या चार गोष्टी चार ठिकाणी टाकल्या असत्या. एकत्र पाहिल्यावर मात्र लक्षात येते, की त्या पत्राने सुचवलेली दुरुस्ती करून सरांनी वक्र पुन्हा काढला होता आणि मग विषय सोडून दिला होता. सोडून दिलेल्या विषयाची ही हकिगत त्यांच्या कोणत्याही निबंधात नाही.

म्हणून पहिल्या दिवशी एवढेच करा. दारातून सुरुवात करून प्रत्येक भिंत, कपाट, कप्पा, खण आणि टेबलाचा पृष्ठभाग यांचे फोटो काढा. कपाटांना क, ख, ग अशी नावे आणि कप्प्यांना वरून खाली क्रमांक द्या, आणि एका कागदावर खोलीचा कच्चा नकाशा काढा. सफाई करणाऱ्यांना आणि कार्यालयाला लेखी कळवा, की खोलीतली कचऱ्याची टोपलीसुद्धा तूर्त रिकामी करायची नाही. किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.

मुदत अंगावर आली असेल तर निवडत बसू नका. कप्प्यातले कागद आहे त्या क्रमाने खोक्यात उतरवा आणि आत चिठ्ठी घाला: ‘कपाट ख, कप्पा ३, डावीकडून उजवीकडे’. क्रम नोंदवलेला असला की निवड कधीही करता येते.

शास्त्रज्ञ हयात असतील तर त्याहून चांगले काहीच नाही. त्यांच्याशेजारी बसून विचारा, कुठे काय आहे आणि का आहे. आइन्स्टाइन यांनी १९५० च्या मृत्युपत्रातच आपले कागद शेवटी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाकडे जावेत अशी तरतूद केली होती. प्रत्यक्ष कागद तिथे पोहोचायला १९८२ उजाडले, पण मधल्या सगळ्या वर्षांत ते कुठे जायचे याबद्दल शंका नव्हती. असा निर्णय मागे उरलेल्यांवर सोपवण्यापेक्षा ज्याचे कागद त्याने घेतलेला बरा.

२. काय ठेवायचे, काय नाही

अंतिम निवड अभिलेखागार करील. तुमचे काम फक्त एवढे, की चुकीची गोष्ट आधीच रद्दीत जाऊ नये. लोक नेमके उलटे करतात. मानपत्रे, ढाली, शालीतले फोटो जपतात आणि शाईचे डाग पडलेल्या वह्या टाकतात.

सर्वांत वर प्रयोगवह्या, क्षेत्रभेटीच्या टिपणवह्या आणि निरीक्षणांचे तक्ते. रोझलिंड फ्रँकलिन १९५८ मध्ये गेल्या. त्यांच्या वह्या त्यांचे सहकारी ॲरन क्लूग यांच्याकडे राहिल्या, आणि त्या वाचूनच क्लूग यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की डीएनएच्या रचनेच्या फ्रँकलिन स्वतः किती जवळ पोहोचल्या होत्या. आज ते कागद केंब्रिजच्या चर्चिल अर्काइव्ह्ज सेंटरमध्ये आहेत. त्या वह्या नसत्या तर त्यांच्या कामाबद्दल दुसऱ्यांनी सांगितलेलेच खरे मानावे लागले असते.

त्यानंतर पत्रव्यवहार, आलेला आणि पाठवलेल्या पत्रांच्या स्थळप्रतीसुद्धा. मग निबंधांचे मसुदे, परीक्षकांचे शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरे, अनुदानाचे अर्ज (नामंजूर झालेले तर आवर्जून, कारण काय करायचे होते आणि करता आले नाही हे त्यांतच कळते), व्याख्यानांची टिपणे, रोजनिशी, समित्यांची कागदपत्रे, उपकरणांची हाताने काढलेली चित्रे, स्वतः लिहिलेले प्रोग्राम, फोटो आणि ध्वनिफिती. दुसऱ्याच्या निबंधाची प्रत असेल आणि समासात शेरे असतील तर तीही ठेवा. शेरा नसलेली छापील प्रत आणि नियतकालिकांचे अंक मात्र बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, वीजबिले, बँकेचे कागद वेगळ्या खोक्यात काढून ठेवा, पण फाडू नका. पाकिटांच्या मागच्या बाजू बघा. आकडेमोड तिथेही सापडते.

३. खोलीत धोक्याचे काही आहे का?

मेरी क्यूरी यांच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाच्या अस्तराच्या पेट्यांत ठेवाव्या लागल्या आहेत, कारण त्या आजही किरणोत्सारी आहेत. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षे आहे. तुमच्या खोलीत बहुधा असे काही नसेल. तरी रसायनांच्या बाटल्या, पारा असलेली उपकरणे, नाव पुसलेल्या कुप्या आणि जुने वनस्पतींचे नमुने यांना उघड्या हाताने शिवू नका. नमुन्यांना किडीपासून वाचवायला पूर्वी पाऱ्याची विषारी संयुगे वापरत. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवा. नायट्रेटची जुनी फिल्म भडकन पेटते. ती घरात ठेवू नका, कुरिअरनेही पाठवू नका.

४. मालक कोण, हे लेखी ठरवा

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

कागदाची मालकी: खाजगी पत्रे आणि रोजनिशी वारसांची. प्रयोगवह्या मात्र अनेक ठिकाणी नोकरीच्या करारानुसार संस्थेच्या असतात. संस्थेला विचारल्याशिवाय त्या घरी नेऊ नका, आणि संस्थेनेही वारसांना न विचारता खाजगी पत्रे ठेवून घेऊ नयेत.

मजकुराचा हक्क: आलेले पत्र ज्याला आले त्याच्या मालकीचे, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. म्हणजे सरांना आलेली पत्रे ताई अभिलेखागाराला देऊ शकतात, पण ती छापण्याची परवानगी देऊ शकत नाहीत. सरांनी लिहिलेल्या मजकुराची देऊ शकतात.

गोपनीयता: शिफारसपत्रे, विद्यार्थ्यांचे गुण, रुग्णांची माहिती, अजून पेटंट न झालेले काम, संरक्षणाशी संबंधित करार. हे कागद नष्ट करायचे नसतात, काही वर्षे बंद ठेवायचे असतात. आक्षेपार्ह वाटणारे पत्र घरचे कोणी गुपचूप काढून घेते, असे फार वेळा होते. तसे करण्याऐवजी ते पाकिटात घालून वर ‘इतक्या वर्षांपर्यंत बंद’ असे लिहा. अभिलेखागारे अशी अट पाळतात.

५. योग्य अभिलेखागार शोधा

क्रम असा ठेवा: शास्त्रज्ञ जिथे सर्वाधिक काळ होते ती संस्था, मग त्यांचे विद्यापीठ, मग त्या विषयाचा किंवा विज्ञानाच्या इतिहासाचा संग्रह. अमेरिकेत अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सचे नील्स बोर ग्रंथालय १९६२ पासून आहे. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्वतःचे अभिलेखागार आहे, आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत २०१९ साली सर्वांसाठी खुले अभिलेखागार सुरू झाले. ब्रिटनमध्ये विज्ञानाच्या इतिहासकार मार्गारेट गाउइंग यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालेल्या केंद्राची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. ते केंद्र कागद कायमचे ठेवत नसे. शास्त्रज्ञांचे कागद आणायचे, त्यांची तपशीलवार सूची करायची आणि मग योग्य ग्रंथालयात त्यांची कायमची सोय लावायची. जागा नसलेल्या संस्थेलाही हे काम करता येते.

भेटायला गेलात की हे विचारा: सूची कधी होईल? संशोधकांना कागद कसे पाहता येतील? आर्द्रता आणि तापमान कसे राखता? डिजिटल फायली घेता का? एखादा कागद जागेवरून हलला तर त्याची नोंद कुठे होते? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून डार्विन यांच्या दोन टिपणवह्या, त्यांतल्या एकीत जीवनवृक्षाचे ते प्रसिद्ध रेखाटन, २००० मध्ये छायाचित्रणासाठी बाहेर काढल्यानंतर गायब झाल्या आणि थेट २०२२ मध्ये परत मिळाल्या.

संग्रह वाटू नका. वह्या एका संस्थेला, पत्रे दुसऱ्या, फोटो घरी, ही वाटणी सर्वांना खूश करते आणि संशोधकाला हतबल. न्यूटन यांचे कागद १९३६ मध्ये लंडनला लिलावात गेले आणि विखुरले. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी पुढची अनेक वर्षे शोधून त्यांतले बरेच परत गोळा केले, तरी सगळे काही एका ठिकाणी आले नाही. घरी आठवण हवी असेल तर स्कॅन ठेवा.

६. फायलीपर्यंतची यादी करा

प्रत्येक कागदाची यादी करायला बसाल तर काम कधीच संपणार नाही. फाइल किंवा वही हे एकक धरा. तक्त्यात एवढे रकाने पुरतात: खोके क्रमांक, मूळ जागा, शास्त्रज्ञांनी दिलेले नाव, तुमचे एका ओळीचे वर्णन, वर्षे, स्थिती, बंद ठेवायचे का.

नोंद अशी दिसेल: ‘खोके ७, कपाट ख, कप्पा ३, “नंतर बघू”, अपूर्ण आकडेमोड, परीक्षकांचे शेरे, एक पत्र, एक आलेख, १९७८ ते १९८१, पिना गंजलेल्या, खुले.’

शास्त्रज्ञांनी दिलेले नाव अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहा, ते चुकीचे किंवा अर्थहीन वाटले तरीही. तारीख अंदाजाने लिहिली असेल तर ‘सुमारे’ लिहा. अक्षर लागत नसेल तर ‘वाचता आले नाही’ असे लिहा, तर्क करून भरू नका. पुढचा वाचणारा तुमच्या तर्काला नोंद समजेल.

७. दानपत्र वाचून सही करा

बहुतेक अभिलेखागारांचा मसुदा तयार असतो. त्यात पाहायचे ते असे: कागद कायमचे दिले आहेत की फक्त ठेवायला, कॉपीराइटपैकी काय दिले, कोणत्या फायली कधीपर्यंत बंद, स्कॅन करून सर्वांना दाखवायला परवानगी आहे का, नको असलेले कागद परत करणार की नष्ट करणार, पुढे सापडणारे कागद याच करारात येतील का. ‘परत करण्याआधी कुटुंबाला विचारावे’ हे वाक्य घालून घ्या. ‘कायमचे बंद’ अशी अट मात्र घालू नका. कोणीच कधी न पाहायचे कागद सांभाळायला कोणतीही संस्था तयार होत नाही, आणि तिचेही बरोबर आहे.

८. बांधाबांध

रबरबँड, गंजलेल्या पिना आणि क्लिपा अलगद काढा. पिनेने जोडलेले कागद घडी केलेल्या कोऱ्या कागदात एकत्र ठेवा, म्हणजे ते एकत्र होते हे कळेल. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका आणि काहीही लॅमिनेट करू नका. लॅमिनेशन मागे घेता येत नाही. कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळा. मोज्यांनी बोटांना अंदाज राहत नाही आणि पाने फाटतात. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र हातमोजे हवेतच. जुने फॅक्स आणि छापील पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात व काही वर्षांत कोऱ्या होतात. त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स काढून मूळ प्रतीबरोबर ठेवा.

बुरशी दिसली की ते खोके वेगळे करा, मास्क लावा, घासू नका, आणि अभिलेखागाराला आधीच सांगा. न सांगता दिलेले एक बुरशीचे खोके शेजारच्या संग्रहांनाही लागते. वाळवी किंवा कसर असेल तर औषध फवारू नका. अभिलेखागारात बहुतेक वेळा असे कागद पिशवीत बंद करून गोठवतात. देईपर्यंत खोकी जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर, माळ्यावर नको. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला निमंत्रण मिळते.

९. संगणक, फ्लॉपी, ईमेल

कागद शंभर वर्षे वाट पाहतो, फ्लॉपी पाहत नाही. म्हणून हे काम मागे ठेवू नका.

संगणक कुतूहलाने चालू करू नका. चालू केल्यानेच काही फायलींच्या तारखा बदलतात. विकण्यासाठी किंवा दुसऱ्याला देण्यासाठी डिस्क पुसू तर अजिबात नका. लेबल असलेल्या फ्लॉपी, सीडी, पेनड्राइव्ह यांचे फोटो काढा आणि त्या आहेत तशाच द्या. अभिलेखागार लेखनरोधक (डिस्कवर काहीही लिहू न देणारे) उपकरण लावून संपूर्ण डिस्कची तंतोतंत प्रत काढते आणि प्रत्येक फायलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा, नोंदवते. पुढे फाइल एका अक्षराने जरी बदलली तरी तो जुळत नाही.

ईमेलचे खाते संस्था निवृत्तीनंतर बंद करते, अनेकदा न कळवता. शेवटच्या पगाराच्या कागदांआधी ते उतरवून घ्या, शक्यतो एमबॉक्स (अनेक ईमेल एकाच फायलीत साठवणाऱ्या) स्वरूपात आणि जोडपत्रांसह. पासवर्ड वहीत लिहिलेले सापडले तर वही जपा. क्लाउडवरची साठवण वर्गणी थांबली की जाते, म्हणून कार्डची खाती बंद करण्याआधी तिची यादी करा. फायली नव्या स्वरूपात बदलायच्याच असतील तर मूळ फाइल शेजारी ठेवून.

१०. माणसांना विचारून घ्या

फोटोतल्या चेहऱ्यांची नावे सांगणारी माणसे तुमच्या आधीच्या पिढीतली आहेत, हे काम त्यांच्यासाठी लवकर करायचे असते. सहकारी, तंत्रज्ञ, टंकलेखक, काच फुंकून उपकरणे घडवणारे कारागीर, सगळ्यांशी बोला. तंत्रज्ञांना कोणी विचारत नाही, आणि उपकरण प्रत्यक्षात कसे चालायचे हे त्यांनाच ठाऊक असते. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, सुरुवातीला तारीख आणि नाव मोठ्याने सांगा. फोटोच्या मागे पेनाने लिहू नका. फोटोला क्रमांक द्या आणि नावे यादीत लिहा.

११. कागद दिल्यानंतर

खोकी मोजून द्या, सहीची पोच घ्या, त्यावर संग्रहाचा क्रमांक आहे का पाहा. तुमच्या यादीची आणि खोलीच्या फोटोंची एक प्रत संग्रहाबरोबरच द्या. यानंतर चरित्रकार, पत्रकार, जुने विद्यार्थी ‘दोन दिवसांसाठी’ एखादी वही मागतील. त्यांना नम्रपणे अभिलेखागाराचा पत्ता द्या.

सूची तयार झाली की एकदा वाचा. नावांतल्या चुका घरच्यांनाच दिसतात, आणि त्या कळवल्या की दुरुस्त होतात. मग शास्त्रज्ञ ज्यांना नेहमी पत्रे लिहीत त्यांची नावे पत्रव्यवहारातून काढा आणि त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कळवा, की आलेली पत्रे अमुक ठिकाणी जपली आहेत. तुमच्या शास्त्रज्ञांनी पाठवलेली पत्रे त्यांच्या कपाटात असतील. त्यांतल्या कोणाला खोली रिकामी करायची असेल तर त्यांना पहिल्या पायरीपासून सगळे सांगा, फोटो काढण्यापासून.